मरोळमध्ये घर वाढवायचंय? मास्टर बेडरूम आणि मोठ्या हॉलचं नियोजन नेमकं कुठून सुरू होतं

घराला एक खोली वाढवायची कशी, हे इंटरनेटवर शोधलं की समोर येतात ती बहुतेक अमेरिकेतली घरं. मागे अंगण, अंगणात नवी खोली, खोलीला जोडून ऐसपैस बाथरूम आणि कपाटांची वेगळी खोली. मरोळमध्ये हे करायला गेलं की पहिली अडचण अंगणाचीच येते. मरोळ-मरोशी रोडवरच्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके असेल, तर त्याच्या भिंतीपलीकडे एकतर मोकळी हवा असते, नाहीतर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

तरीही गरज खरी असते. मुलाचं लग्न ठरतं, गावाहून आईवडील कायमचे येतात, दोघांपैकी एकाचं ऑफिस घरातूनच चालतं. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो ३ चं आरे ते बीकेसी टप्प्यातलं स्टेशनही मरोळ नाक्यावरच आलं. त्यामुळे मोठ्या घरासाठी मरोळ सोडून मीरा रोडला जायची तयारी फारशी कुणाची नसते. मग प्रश्न उरतो तो आहे तिथेच जागा कशी वाढवायची हा.

मरोळमध्ये याची तीन उत्तरं प्रत्यक्षात दिसतात. शेजारचा फ्लॅट विकत घेऊन दोन्ही जोडणं, म्हणजे जोडफ्लॅट. बाल्कनी आणि आतल्या भिंती हलवून आहे त्याच जागेत हॉल मोठा करणं. आणि गावठाणातलं स्वतःचं घर असेल तर ते वर किंवा मागे वाढवणं. तिन्हींचे नियम वेगळे, धोके वेगळे. पण सुरुवात एकाच कागदापासून होते: महापालिकेने मंजूर केलेला नकाशा.

आपला फ्लॅट, पण एफएसआय आपला नाही

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हा शब्द मुंबईत सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. एखाद्या भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल, याचं ते प्रमाण. भूखंड १००० चौरस मीटर आणि एफएसआय १ असेल, तर सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम १००० चौरस मीटर. उपनगरात मूळ एफएसआय १ आहे. त्यावर प्रीमियम भरून किंवा टीडीआर वापरून तो वाढवता येतो. २०१८ पासून लागू झालेल्या 'डीसीपीआर २०३४' या विकास नियंत्रण नियमावलीत याचे तपशील आहेत.

इथे लोकांचा एक गोंधळ कायम होतो. एफएसआय भूखंडाला मिळतो, फ्लॅटला नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने 'माझ्या खिडकीबाहेर तीन फूट स्लॅब काढतो, प्रीमियम भरायला तयार आहे' असं म्हणून चालत नाही. भूखंडावर किती एफएसआय शिल्लक आहे, तो कुणाचा, आणि सोसायटी तो एका सभासदाला वापरू देईल का, हे तीन प्रश्न आधी येतात. चाळीस सभासदांच्या सोसायटीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येणार, हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही.

बाल्कनीचंही तसंच. जुन्या नियमांत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये मोजली जात नसे. फ्लॉवर बेडसारख्या जागाही सुटायच्या. बिल्डर त्या द्यायचे, घेणारे त्या खोलीत ओढून घ्यायचे, आणि कागदावर लहान असलेला फ्लॅट प्रत्यक्षात मोठा व्हायचा. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. या सगळ्या जागा मोजायच्या असं ठरलं आणि त्या बदल्यात ३५ टक्क्यांपर्यंत 'फंजिबल' एफएसआय प्रीमियम भरून घेण्याची सोय आली. म्हणून १९९५ च्या इमारतीतली बाल्कनी आणि २०१६ च्या टॉवरमधली बाल्कनी दिसायला सारखी असली, तरी कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर नकाशात बाल्कनी बंदिस्त दाखवली आहे की उघडी, हे बघितल्याशिवाय मधली भिंत पाडणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

हा नकाशा मिळतो कुठे? आधी सोसायटीच्या कपाटात शोधावा. तिथे नसेल तर इमारतीच्या मूळ आर्किटेक्टकडे, आणि तेही जमलं नाही तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडून माहिती अधिकारात प्रमाणित प्रत मागवता येते. सोबत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का तेही तपासावं. मुंबईत अनेक जुन्या इमारती ओसीशिवाय वसल्या आहेत, आणि मूळ इमारतीलाच ओसी नसेल तर तिच्यातल्या फेरबदलाचा सुधारित नकाशा पुढे सरकणं फार कठीण. आणखी एक: जमीन कुणाच्या हद्दीत आहे. मरोळ एमआयडीसीच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी असतं, म्हाडाच्या वसाहतीत म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत एसआरए. एका चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार वेगळ्या ऑफिसांचे खेटे पडू शकतात.

कशाला परवानगी लागते, कशाला नाही

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे आणि त्यातलं कलम ३४२ घरदुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं आहे. इमारतीत वाढ करायची किंवा तिचा कुठलाही भाग काढून पुन्हा उभारायचा, तर आयुक्तांना आधी नोटीस द्यावी लागते, असं ते सांगतं. यातून सूट आहे ती राहण्याजोग्या किरकोळ दुरुस्त्यांना.

सूट असलेल्या कामांची यादी कायद्यातच आहे. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ-ड्रेनेजचे पाइप आणि विजेची फिटिंग बदलणं, छप्पर त्याच साहित्याने नवं करणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ज्याला मुंबईत सरसकट 'रिनोव्हेशन' म्हणतात, त्यातलं बरंचसं यात बसतं.

यात न बसणाऱ्या गोष्टीही तिथेच लिहिल्या आहेत: बांधकामाची लांबी-रुंदी किंवा उंची बदलणं, आधारभूत भिंती वा खांब-तुळया काढणं किंवा बदलणं, जोतं किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा वाढवणं, उतरतं छप्पर सपाट करणं. मोठा हॉल आणि मास्टर बेडरूम यांचं स्वप्न नेमकं या दुसऱ्या यादीत येऊन अडतं. त्यामुळे 'आतलंच तर काम आहे, परवानगी कशाला' हा कॉन्ट्रॅक्टरचा धीर फारसा उपयोगाचा नसतो. नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही.

परवानगीशिवाय केलेल्या वाढीव बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खालीही कारवाई होते. या कायद्यात किमान एक महिना ते कमाल तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं नोटीस, सुनावणी आणि तोडकाम यांतच संपतात. पण विक्रीच्या वेळी खरेदीदाराच्या बँकेचा इंजिनिअर नकाशा हातात घेऊन येतो, तेव्हा दहा वर्षांपूर्वी पाडलेली भिंत पुन्हा चर्चेत येते.

खांबाला हात लागला तर

२५ जुलै २०१७ ला सकाळी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळली. १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं आणि तिथे नूतनीकरणाचं काम चालू होतं. त्या कामात इमारतीच्या आधाराला धक्का लागला, असा रहिवाशांचा आरोप होता. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला माझगावची महापालिकेच्याच मालकीची इमारत पडून ६१ जण दगावले. तिथेही तळमजल्यावरच्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं.

शेजाऱ्यांनी हरकत घेतली की ती खवचटपणाने घेतली असंच बहुतेकांना वाटतं. पण इमारतीत एकाने काढलेला खांब सगळ्यांच्या डोक्यावर येतो. त्यामुळे सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागितलं तर ते तिचं कामच आहे.

कुठली भिंत काढता येते, हे इमारत कुठल्या काळातली आणि कशी बांधली यावर ठरतं. १९८० ते २००५ च्या दरम्यानच्या मरोळमधल्या बहुतेक चार-सात मजली इमारती आरसीसी सांगाड्याच्या आहेत. वजन खांब आणि तुळया पेलतात, मधली विटांची भिंत फक्त आडोसा असते. ती काढता येण्याची शक्यता जास्त. पण नऊ इंची भिंतीच्या पोटात नऊ इंची खांब दडलेला असू शकतो, आणि वरची तुळई काढता येत नाही. म्हणजे दोन हॉल एक केले तरी मधोमध छतातून एक आडवी तुळई उतरलेली दिसणार. फॉल्स सीलिंगने ती लपवायची की उघडी ठेवायची, हा नंतरचा आणि फार सोपा प्रश्न.

त्याहून जुन्या, विटांच्या भिंतीवर स्लॅब टेकवलेल्या इमारतींत मात्र भिंत हाच आधार असतो. आणि अगदी नव्या टॉवरमध्ये गोष्ट उलट्या टोकाला जाते. गेल्या काही वर्षांत अनेक टॉवर 'मायवान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम साच्यांच्या पद्धतीने बांधले जातात. त्यांत बेडरूममधली साधी दिसणारी भिंतसुद्धा लोखंड घातलेली काँक्रीटची असते आणि इमारतीचं वजन पेलते. ती पाडायची गोष्टच सोडावी. नव्या इमारतीत आणखी एक मुद्दा येतो: रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरने करायची असते. भिंती फोडलेल्या घरात गळती झाली, की बिल्डरचा पहिला बचाव काय असेल ते उघड आहे.

भिंत काढण्याइतकंच नवी भिंत घालणंही जपून करायचं काम आहे. दहा फूट लांब, नऊ फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टरसकट दोन टनांच्या आसपास भरते. घरांच्या स्लॅबची रचना करताना माणसं आणि सामान यांच्यासाठी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरलेले असतात. खाली तुळई नसताना मधोमध अशी भिंत उभी केली तर स्लॅब खाली वाकतो. त्याच मापाची हलक्या एएसी ब्लॉकची भिंत जवळपास निम्म्या वजनात होते, जिप्समची तर त्याहून कमी. बाल्कनीच्या टोकावर विटांचा कठडा वाढवून वर जड स्लायडिंग खिडक्या लावणं याच कारणाने वाईट. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते आणि सगळं नवं वजन तिच्या लोंबत्या टोकाला येतं.

मास्टर बेडरूमचं गणित पाण्यावर ठरतं

मास्टर बेडरूम म्हणजे मोठी खोली नव्हे. मोठी खोली अधिक तिला जोडलेलं स्वतंत्र बाथरूम, आणि जमलं तर कपाटांची जागा. खोली मोठी करणं त्यामानाने सोपं. अडतं ते बाथरूमपाशी, कारण फ्लॅटमध्ये संडास-बाथरूम वाटेल तिथे नेता येत नाही.

बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी. बेडरूमखालच्या सपाट, चार-पाच इंची स्लॅबमध्ये असा खड्डा नसतो. समजा कमोड मूळ जागेपासून दहा फूट लांब न्यायचा आहे. पाइप चार इंची, त्याला चाळीसास एक असा उतार दिला तर दहा फुटांत तीन इंच खाली जायला हवं. चार आणि तीन सात, वर फरशीचा थर. म्हणजे नव्या बाथरूमची जमीन बेडरूमपेक्षा आठ-नऊ इंच उंच. घरात सत्तरीच्या आजी असतील तर ती पायरी रोजची भीती. वजनाचंही बघा: तीन चौरस मीटरच्या बाथरूममध्ये सहा इंच जरी भराव टाकला तरी सातशे-आठशे किलो होतात, टाइल्स आणि पाण्याआधीच.

दुसरा मार्ग म्हणजे स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या घराच्या छताखालून नेणं. ते छत खालच्यांचं असतं, आणि त्यांच्या देवघरावरून कमोडचा पाइप जायला कुणी हो म्हणेल हे संभवत नाही. नियमही सांगतात की बाथरूम-संडास हे दुसऱ्या बाथरूम-संडासाच्या, धुण्याच्या जागेच्या किंवा गच्चीच्या वर-खाली असावेत. नाहीतर जमीन पूर्ण जलाभेद्य हवी. मोठ्या पावसात 'वरून गळतंय' ही तक्रार सुरू झाली की खर्च कुणाचा, हा वादही ठरलेला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी संबंधित सभासदाने.

म्हणून अनुभवी आर्किटेक्ट आधी घराचे ओले कोपरे नकाशावर रंगवतात आणि मग मास्टर बेडरूम त्यांच्याभोवती बसवतात. बाथरूम जागचं हलवायचं नाही, खोलीने त्याच्याकडे सरकायचं.

दोन वन बीएचके जोडताना

हे एका उदाहरणाने बघू. समजा मरोळमध्ये नव्वदच्या दशकातल्या इमारतीत शेजारी-शेजारी दोन वन बीएचके आहेत, प्रत्येकी ४२० चौरस फूट कार्पेट. दोन्ही एकाच कुटुंबाने घेतले. आता ८४० फुटांत काय होईल?

मधली सामाईक भिंत कुठल्या खोल्यांमध्ये आहे, यावर सगळं अवलंबून. अशा इमारतींत शेजारचे फ्लॅट बहुधा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. हॉलला हॉल लागून असेल तर नशीब चांगलं: मधली भिंत उघडून वीस फूट रुंद बैठक मिळते, आणि दोन टोकांना दोन बेडरूम राहतात. बेडरूमला बेडरूम लागून असेल तर मास्टर बेडरूम चटकन होते, पण दोन हॉल घराच्या दोन टोकांना पडतात आणि मोठ्या हॉलचं स्वप्न अर्धं राहतं. तेव्हा एका हॉलला लहान करून मुलांची खोली किंवा ऑफिसची जागा करावी लागते. स्वयंपाकघराला स्वयंपाकघर लागून असेल तर जोडणी सगळ्यात अवघड. दार पडतं ते ओट्यामधून.

हॉलला हॉल लागून आहे असं धरू. दुसऱ्या फ्लॅटमधला संडास आणि बाथरूम वेगवेगळे असतील तर त्यांच्यातली पातळ भिंत काढून एक ऐसपैस बाथरूम होतं, त्याच जुन्या खड्ड्यात. त्याचं दार पॅसेजऐवजी बेडरूममध्ये उघडलं की मास्टर बेडरूमचा मुख्य भाग तयार. उरलं दुसरं स्वयंपाकघर. ते बेडरूमला जोडून कपाटांची खोली किंवा अभ्यासिका होऊ शकतं. त्याचं बाथरूम करण्याचा मोह टाळावा, कारण खाली आणि वर इतरांची स्वयंपाकघरं आहेत. सिंकचं तोंड पक्कं बंद करावं, गॅसची पाइपलाइन स्वतः न हलवता महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्यावी. राहण्याच्या खोलीचं क्षेत्र किमान साडेनऊ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर असावी असा नियम आहे. त्यामुळे आठ बाय आठच्या स्वयंपाकघराला नकाशात 'बेडरूम' म्हणून दाखवता येत नाही.

दुसरं मुख्य दार काढून तिथे भिंत घालायचा सल्ला अनेक इंटिरिअर डिझायनर देतात. टीव्हीला जागा छान मिळते. पण ते दार ठेवलेलं बरं. आग लागली तर दुसरी वाट असते, आणि उद्या दोन भावांत वाटणी झाली किंवा एकच फ्लॅट विकायचा झाला तर घर पुन्हा दोन करता येतं.

आता कागदांकडे. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी लागते, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालासह. महापालिकेकडे परवानाधारक आर्किटेक्टमार्फत सुधारित नकाशा सादर करावा लागतो. भाग दाखले दोन असतील तर ते दोनच राहतात. सेवाशुल्क फ्लॅटच्या संख्येवर समान वाटलं जात असल्याने 'आता एकच घर आहे, मग एकाचंच मेंटेनन्स घ्या' ही विनंती बहुधा मान्य होत नाही. मत मात्र सहकारी कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच.

मालमत्ता कराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेटच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. ४२० फुटांचे दोन वेगळे फ्लॅट या मर्यादेत बसतात. दोघांची करनोंद मिळून ८४० फुटांचं एक घर अशी झाली, तर ते मर्यादेबाहेर जातं. नोंद एक करायची की नाही, हे करसल्लागाराशी बोलून आधीच ठरवावं.

दुसरा फ्लॅट घेताना मुंबईतलं सहा टक्के मुद्रांक शुल्क पूर्ण लागतं; महिलेच्या नावाने घेतल्यास एक टक्का सवलत आहे. कर्जाचंही बघावं. घर विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण निव्वळ दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावर ती ३० हजारांवर थांबते. शिवाय घरवाढीचं कर्ज देताना बँक मंजूर नकाशा मागते. नकाशा नसेल तर वैयक्तिक कर्ज, म्हणजे जास्त व्याज.

गावठाणातलं घर: वर जायचं, पण कशाच्या आधारावर

मरोळ हे नाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखीचं झालं, पण गाव त्याहून फार जुनं. सीप्झच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या पोर्तुगीज चर्चचे अवशेष आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात साथ आल्यावर तिथली ईस्ट इंडियन वस्ती मरोळला सरकली, असं सांगतात. मरोळ गावठाणात अजूनही उतरत्या कौलांची, व्हरांड्याची घरं मधूनमधून दिसतात. इथे जमीन आपली, त्यामुळे घर खरोखर वाढवता येतं. पण 'आपली' हे सिद्ध करणं हेच अर्धं काम.

सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव, वारस अकरा, त्यातले तीन कॅनडात. सगळ्यांची संमती किंवा वारसनोंद झाल्याशिवाय नकाशा पुढे जात नाही. हे वर्ष-दोन वर्षांचं काम असू शकतं, म्हणून आर्किटेक्टकडे जायच्या आधी सिटी सर्व्हे ऑफिस गाठावं.

जुन्या घरांना मंजूर नकाशा बहुधा नसतोच. तिथे दोन तारखा महत्त्वाच्या: राहत्या बांधकामासाठी १७ एप्रिल १९६४ आणि व्यापारी बांधकामासाठी १ एप्रिल १९६२. त्याआधीपासून घर उभं होतं हे जुन्या कराच्या पावत्या, सर्व्हेचे उतारे यांवरून दाखवता आलं, तर महापालिका ते बांधकाम सहन करण्याजोगं मानते. संरक्षण मिळतं ते त्या वेळी होतं तेवढ्याच घराला. नंतर मागे काढलेली पडवी किंवा वर चढवलेली खोली त्यात येत नाही. आजोबांच्या ट्रंकेतली १९६१ ची कराची पावती म्हणूनच जपून ठेवावी.

वरचा मजला कशावर उभा राहणार, हा पुढचा प्रश्न. मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यांत बांधलेल्या भिंती कौलं पेलायला होत्या, काँक्रीटचा स्लॅब पेलायला नाहीत. मास्टर बेडरूम वर न्यायची तर जमिनीतून स्वतंत्र खांब उभारून नवा सांगाडा करावा लागतो, आणि त्यासाठी जुन्या भिंतीलगत पाया खणताना शेजारच्याची सामाईक भिंत सांभाळावी लागते. कधीकधी हिशेब मांडल्यावर पूर्ण घर नव्याने बांधणंच स्वस्त पडतं.

गावठाणात अजून एक चक्र बघायला मिळतं. रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, घर खड्ड्यात जातं, पावसाचं पाणी आत येतं. मग लोक आतली जमीन भरून घेतात. दोन-तीनदा भराव झाला की खोलीची उंची राहण्याच्या खोलीला लागणाऱ्या २.७५ मीटरच्या खाली जाते. मग छप्पर वर उचलायचं. आणि छप्पर उचलणं म्हणजे उंचीत बदल, म्हणजे पुन्हा कलम ३४२. दुरुस्ती म्हणून सुरू झालेलं काम अशा रीतीने अनधिकृत बांधकाम ठरतं.

मिठी नदी पवईहून निघून मरोळजवळून विमानतळाकडे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तिच्या काठच्या तळमजल्यांचं काय झालं हे जुन्या रहिवाशांना सांगावं लागत नाही. सखल भागातल्या घरात मास्टर बेडरूम तळाशी आखत असाल, तर बाथरूमच्या ड्रेनेजला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि विजेचे पॉइंट कमरेच्या वर हवेत. विमानतळ जवळ असल्याने इमारतीच्या उंचीलाही मर्यादा आहे, आणि ती समुद्रसपाटीपासून मोजतात. एका वाढीव मजल्याला ती सहसा आड येत नाही, पण पूर्ण पुनर्बांधणीत आर्किटेक्टने विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा आधीच बघितलेला बरा.

इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर

मरोळमध्ये सध्या ज्या वेगाने जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यात हा प्रश्न टाळता येत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास पुढे जाऊ शकतो. इमारत तीस वर्षांच्या पुढे असेल आणि सर्वसाधारण सभेत बिल्डरांची सादरीकरणं सुरू झाली असतील, तर पंधरा लाखांचं बाथरूम दोन-तीन वर्षांसाठीच असेल.

त्यात आणखी एक मेख. नवीन घराचं क्षेत्र ठरतं ते मंजूर नकाशातल्या कार्पेटवर. विनापरवाना आत ओढलेली बाल्कनी, पॅसेजमध्ये सरकवलेलं दार, गच्चीवर टाकलेली शेड यांची मोजणी होत नाही. याउलट दोन नोंदणीकृत फ्लॅट जोडलेल्याला दोन्हींचं क्षेत्र मिळतं, आणि बिल्डरशी बोलून नवीन इमारतीत एकच मोठं घर, हवी तशी मास्टर बेडरूम सुरुवातीपासून आखून घेता येते. अशा कुटुंबाने आत्ता भिंत न पाडता फक्त एक दार पाडून, परवानगी घेऊन, दोन्ही फ्लॅट वापरावेत आणि मोठा खर्च नव्या घरासाठी राखावा, हा जास्त शहाणपणाचा मार्ग दिसतो.

काम सुरू करायचंच असेल तर पावसाळा टाळून नोव्हेंबर ते मे ही वेळ बरी. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर किमान दोन दिवस पाणी साठवून ठेवावं आणि खालच्या घरात जाऊन छत बघून यावं, शक्य तर त्यांच्यासोबत फोटो काढून. डेब्रिज गोणीत भरून नाक्यावर ठेवू नये. महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, तिची पावती सोसायटीला द्यावी. काम संपल्यावर आर्किटेक्टकडून पूर्णत्वाचा दाखला महापालिकेत दाखल झाला का, हे विचारून घ्यावं. सुधारित नकाशाच्या दोन प्रती काढून एक सोसायटीच्या फाइलला लावावी आणि दुसरी फ्लॅटच्या करारनाम्यासोबत ठेवावी.